जादूगाराचे बारसे

आम्ही पाच मित्रांनी दिवाळीच्या सुट्टीत एक खेळ सुरू केला. लवळ्यात, आमच्या घराच्या ओसरीवर आमची बैठक बसते. खेळ मूळचा अमेरिकेतला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ साली तो 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने प्रसिद्ध केला. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतले एकेक पात्र व्हायचे आणि पात्राचे धाडस साधले की फसले, ते वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचे. माझ्या वाट्याला जादूगार आला. त्याचे वय, पोशाख, विद्या हे सारे अर्ध्या तासात ठरले. नाव मात्र तीन आठवडे ठरेना.

प्रथम मी 'झोल्ड्रॅक' असे एक भारदस्त नाव आणले. मित्र पोट धरधरून हसले. गोष्ट मुळशीच्या डोंगरात घडणार आणि तिच्यात हा झोल्ड्रॅक कुठून आला? तेव्हा मी नावे कशी पडतात याचा शोध घेऊ लागलो.

परदेशी लेखकांनी नावे हवेतून काढलेली नाहीत. टॉल्किनच्या 'हॉबिट' (१९३७) मधल्या जादूगाराचे 'गँडाल्फ' हे नाव प्राचीन नॉर्स काव्यातील बुटक्यांच्या नामावळीतून आले आहे. त्याचा अर्थ साधारणपणे 'कांडीवाला यक्ष' असा होतो. गायगॅक्सच्या मंडळीत जिम वॉर्ड नावाचा खेळाडू होता. त्याच्या नावाची इंग्रजी अक्षरे उलटी वाचली आणि 'ड्रॉमिज' हा जादूगार जन्मला. मीही ही युक्ती करून पाहिली. 'लवळे' उलटे केले तर 'ळेवल' होते. पण मराठीत 'ळ'ने शब्द सुरू होत नाही, जीभच अडते. हाक मारताना जीभ अडते ते नाव खेळात काय कामाचे?

मग आजीच्या पोथीकडे वळलो. धुंडीसुत मालूचा 'नवनाथ भक्तिसार' हा चाळीस अध्यायांचा ग्रंथ शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली पूर्ण झाला. त्यातल्या सिद्धांच्या नावांत त्यांची जन्मकथाच गुंफलेली आहे. माशाच्या पोटी आला तो मच्छिंद्र, हत्तीच्या कानातून निघाला तो कानिफ, रेवेच्या तीरी सापडला तो रेवण. नाव ऐकताच शक्ती कुठून आली ते कळते. नाथांची पूजा घरोघर होते, म्हणून त्यांची नावे फाशावर लावणे मला प्रशस्त वाटले नाही. परंतु नाव ठेवण्याची ही रीत मात्र घेण्यासारखी होती.

रंगभूमी आणि चित्रपट यांची रीत निराळी. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चिंची चेटकीण घ्या. त्या 'च'च्या माऱ्याने मुले भितात आणि हसतातही. महेश कोठारे यांच्या 'धडाकेबाज' (१९९०) मधला खलनायक कवठ्या महांकाळ. सांगली जिल्ह्यातल्या कवठेमहांकाळ या गावाच्या नावात एका अक्षराचा फरक केला आणि माणूस उभा राहिला! 'झपाटलेला' (१९९३) मधल्या तात्या विंचूत घरातला शब्द आणि नांगी असलेला शब्द शेजारी बसले आहेत. भीती या नावांतून निर्माण होते ती ओळखीच्या शब्दामुळेच.

येथे माझी एक चूक झाली, ती सांगितली पाहिजे. लहानपणी आम्हाला भीती घालायला मोठी माणसे एका म्हातारीचे टोपणनाव घेत. ते नाव कानाला झणझणीत लागे. मी तेच जादूगाराला दिले. आजी ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"त्या बाईचं नाव खेळायला न्हाई घ्यायचं. तिची दोन लेकरं तापानं गेली, आन् वर लोकांनी तिलाच चेटकी ठरवली. तिच्या हातचं पानी कुनी पीत नव्हतं. मरस्तवर ते नाव तिनं वाह्यलं. आता तू ते घेऊन नाचनार व्हय?"

मला उत्तर सुचले नाही. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यासाठी झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला होता. एखादी व्यक्ती करणी किंवा जादूटोणा करते असे सांगून तिचे जगणे कठीण करणे, हा त्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणजे आम्हाला जे नाव पात्र रंगवायला हवे होते, तसल्याच नावाने खरी माणसे गावाबाहेर काढली गेली आहेत. मी ते नाव खोडले. कल्पित जादूगाराला खऱ्या माणसाच्या दुःखाचे नाव द्यायचे नाही, हा नियम आम्ही पाचहीजणांनी वहीत पहिल्या पानावर लिहिला.

अखेर नाथांच्याच रीतीने विचार केला. माझ्या जादूगाराची शक्ती येते कुठून? या खेळात काहींची जादू उपजत असते. माझा जादूगार मात्र ग्रंथ वाचून ती शिकतो. पूर्वी मुलाच्या अक्षरओळखीचा आरंभ 'ॐ नमः सिद्धम्' या शब्दांनी होई. लोकांच्या तोंडी त्याचे 'ओनामासिधम्' झाले आणि 'ओनामा' म्हणजे आरंभ, हा अर्थ रूढ झाला. आमच्या घरात कॉलेजपर्यंत येणारा मी पहिलाच. आजीने तर पाटीलाही हात लावलेला नाही. घरात पहिल्यांदा अक्षर शिकून सामर्थ्य मिळवणाऱ्या त्या जादूगाराचे नाव मी ठेवले, ओनामासिद्ध.

आजीला नाव सांगितले. तिने ते दोनदा म्हणून पाहिले. "बरं हाय," म्हणाली, "तोंडात बसतंय."

पहिल्याच खेळात माझ्या फाशावर तीन पडले आणि मंत्र फसला. समोर राक्षस उभा. मित्र एका सुरात ओरडले, "ओनाम्या, पळ!" नाव हाकेला उत्तम चालते, याची तेव्हाच खात्री पटली. मंत्र साधला की हेच मित्र मला 'सिद्धबुवा' म्हणतात. पण तसा प्रसंग अजून दोनदाच आला आहे.