जुन्या धुलाई यंत्राची दुरुस्ती

आमच्या साक्षरता वर्गाला एक बाई येतात. सगळी आळी त्यांना आक्का म्हणते. आक्का पाच घरची धुणी धुतात. सोड्याने आणि साबणाने त्यांच्या हातांची सालटी निघालेली असतात. पेन्सिल धरतानाही बोटे दुखतात.

एके दिवशी वर्ग सुटल्यावर आक्का थांबल्या. म्हणाल्या, "गुरुजी, एका मालकिणीनं जुनं कपडे धुवायचं मशीन दिलंय. पण ते चालत नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, कंपनी बंद पडली, पार्ट मिळत नाहीत. भंगारवाला तीनशे रुपये देतोय. देऊन टाकू का?"

मी म्हणालो, "आक्का, जरा थांबा. आधी उघडून बघू. मग ठरवू."

नवे यंत्र घेणे आक्कांना परवडणारे नव्हते. आणि हात असेच राहिले, तर पाच घरांची दोन घरे व्हायला वेळ लागणार नव्हता. म्हणून मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावले. तो वायरमन आहे. आम्ही तिघांनी मिळून ते यंत्र उघडले. त्यातून जे शिकलो ते तुम्हाला सांगतो.

यंत्र चालते कसे?

यंत्र दोन टाक्यांचे होते. एका टाकीत कपडे धुतले जातात. दुसऱ्या टाकीत ते पिळले जातात. प्रत्येक टाकीला वेगळी मोटर असते.

धुण्याच्या टाकीच्या तळाशी एक पसरट चकती असते. कारागीर तिला पंखा म्हणतात. खालची मोटर पट्ट्याच्या मदतीने हा पंखा फिरवते. पंखा थोडा वेळ उजवीकडे फिरतो, थांबतो, मग डावीकडे फिरतो. त्यामुळे पाणी घुसळले जाते आणि कपड्यातला मळ सुटतो. आपण ताक घुसळतो ना, तसेच हे.

पिळण्याच्या टाकीत भोके पाडलेला एक डबा असतो. तो मिनिटाला सुमारे १४०० फेरे घेतो. एवढ्या वेगामुळे कपड्यातले पाणी भोकांतून बाहेर फेकले जाते.

किती वेळ फिरायचे हे टायमर ठरवतो. टायमर म्हणजे चावीचे छोटे घड्याळच. एवढे कळले की यंत्राची भीती निम्मी कमी होते.

आधी जीव, मग यंत्र

पाणी आणि वीज एकत्र आली की धोका असतो. म्हणून यंत्राला हात लावण्याआधी प्लग भिंतीतून काढून ठेवा. नुसते बटण बंद करून भागत नाही.

प्लग काढला तरी एक वस्तू वीज धरून ठेवू शकते. तिचे नाव कपॅसिटर. तो दंडगोल डबीसारखा असतो आणि मोटरला सुरुवातीचा जोर देतो. त्याच्या टोकांना बोट लावले तर झटका बसू शकतो. आमच्या वायरमनने बल्बच्या होल्डरच्या दोन तारा त्या टोकांना लावल्या आणि साठलेली वीज उतरवली. मगच पुढचे काम केले. हे काम जाणकारानेच करावे.

प्लगला तीन पिना असतात. वरची जाड, लांब पीन अर्थिंगची. यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली, तर अर्थिंगमुळे ती जमिनीत जाते. अर्थिंग नसेल तर ती ओल्या हाताच्या माणसातून जाते. आक्कांच्या घरच्या बोर्डात अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती. ती आम्ही आधी जोडून घेतली. यंत्र नीट होऊन घरात माणूस दगावले, तर काय उपयोग?

बिघाड कसा ओळखावा?

प्लग काढून पंखा हाताने फिरवून बघा.

पंखा जड फिरतो किंवा अडकतो? मग बहुतेक दांड्याची बेअरिंग गेली आहे.

पंखा हलका फिरतो, पण प्लग लावल्यावर मोटर नुसती घूं घूं करते? मग कपॅसिटर तपासून घ्या.

मोटर फिरते, पण पंखा फिरत नाही? मग पट्टा सैल झाला असेल किंवा तुटला असेल.

आक्कांच्या यंत्राचा पंखा जागचा हलत नव्हता. पंखा काढला तेव्हा कारण दिसले. दांड्याभोवती एक रबरी कडे असते. त्याला ऑइल सील म्हणतात. टाकीतले पाणी खाली झिरपू नये म्हणून ते बसवलेले असते. जुने झाले की ते कडक होते आणि चिरते. मग पाणी हळूहळू खाली उतरते आणि बेअरिंगला गंज चढतो. म्हणजे दुखणे बेअरिंगचे, पण मूळ सीलमध्ये. म्हणून दोन्ही एकदमच बदलावीत. नुसती बेअरिंग बदलली तर काही महिन्यांत पुन्हा तोच प्रकार होतो.

उघडताना लिहून ठेवा

यंत्र उघडणे सोपे आहे. पुन्हा जोडणे अवघड आहे. म्हणून प्रत्येक तार सोडण्याआधी तिला कागदाची चिठ्ठी बांधा. चिठ्ठीवर आकडा घाला. तोच आकडा जिथून तार काढली तिथेही घाला. मोबाईल असेल तर फोटोही काढा. स्क्रू एका थाळीत क्रमाने मांडा.

चिठ्ठ्या आक्कांनीच लिहिल्या. १ पासून १४ पर्यंत. अक्षर वाकडे होते, पण आकडा चुकला नाही.

गंजलेल्या स्क्रूवर जोर करू नका. त्याचे डोके झिजते आणि मग तो निघतच नाही. गंज सोडवणारे तेल घालून रात्रभर ठेवा. सकाळी तो मुकाट्याने सुटतो.

भागाचे नाव नव्हे, भागाचा आकडा

आता मुख्य गोष्ट सांगतो.

"पार्ट मिळत नाही," असे दुरुस्तीवाला म्हणाला. तो खोटे बोलला नाही. त्या कंपनीच्या नावाचा भाग खरोखरच मिळत नव्हता. पण बेअरिंग काही धुलाई यंत्राची कंपनी करीत नाही. ती बेअरिंगचा कारखाना करतो. तीच बेअरिंग पंपात असते, पिठाच्या गिरणीत असते, स्कूटरमध्येही असते. तिची मापे जगभर ठरलेली आहेत. आणि तिचा आकडा तिच्या कडेवरच कोरलेला असतो.

गंज पुसून काढल्यावर आक्का डोळ्यांजवळ बेअरिंग धरून वाचू लागल्या. आकडे इंग्रजी होते. ते आम्ही वर्गात नुकतेच शिकलो होतो. "सहा... दोन... शून्य... दोन."

६२०२. म्हणजे आतले भोक १५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ३५ मिलिमीटर, जाडी ११ मिलिमीटर. शेवटचे दोन आकडे भोक सांगतात. ०२ म्हणजे १५ मिलिमीटर आणि ०३ म्हणजे १७. ०४ पासून पुढे हिशेब सोपा आहे. त्या आकड्याला पाचाने गुणा. ०४ म्हणजे २०, ०५ म्हणजे २५.

आक्का तो आकडा कागदावर लिहून स्वतः तालुक्याच्या बेअरिंगच्या दुकानात गेल्या. दुकानदाराने कंपनी विचारली नाही. यंत्र किती जुने तेही विचारले नाही. त्याने आकडा वाचला आणि फळीवरून डबी काढून दिली.

ऑइल सीलवरही तीन आकडे असतात. पहिला दांड्याचा, दुसरा बाहेरच्या घराचा, तिसरा जाडीचा. आमच्या सीलवरचे आकडे झिजून गेले होते. इथे मी चूक केली. नुसत्या नजरेने अंदाज केला आणि १५-२८-७ मापाचे सील आणले. बसवून पाणी भरले, तर खाली थेंब थेंब गळू लागले. मग लेथवाल्याकडून व्हर्निअरने घर मोजून घेतले. ते ३० मिलिमीटरचे निघाले! दोन मिलिमीटरनी माझी फजिती केली. १५-३०-७ चे सील आणले, तेव्हा गळती थांबली. बरे तर बरे, आम्ही मोटर जोडण्याआधीच पाणी भरून पाहिले होते. तुम्हीही तसेच करा.

पट्ट्यावर अक्षर आणि आकडा असतो. अक्षर पट्ट्याची जाडी-रुंदी सांगते. उदाहरणार्थ, 'ए' अक्षराचा पट्टा वरच्या बाजूला १३ मिलिमीटर रुंद असतो. पुढचा आकडा त्याची आतली लांबी इंचांत सांगतो.

कपॅसिटरवर मायक्रोफॅरड आणि व्होल्ट लिहिलेले असतात. मायक्रोफॅरडचा आकडा तोच हवा. व्होल्टचा आकडा जास्त चालेल, कमी चालणार नाही.

ज्यावर आकडा नाही, त्याचे काय?

काही भाग मात्र त्या त्या यंत्रापुरतेच असतात. झाकण, बटण, पंखा, टायमर हे तसे भाग. त्यांच्यासाठी तीन वाटा आहेत.

पहिली वाट जुन्या यंत्राची. त्याच जातीचे दुसरे बंद यंत्र भंगारात मिळाले, तर त्याचे झाकण आपल्याला उपयोगी पडते. पुण्याचा जुना बाजार किंवा गावचा भंगारवाला, दोन्हीकडे विचारावे.

दुसरी वाट जुळवून घेण्याची. आमच्या पिळण्याच्या टाकीचा टायमर गेला होता. तसाच मिळाला नाही. पण तेवढ्याच तारांचा, तेवढ्याच मिनिटांचा दुसरा मिळाला. वायरमनने तो जोडला. मुंबईत विजेच्या सामानासाठी लोहार चाळ आणि यंत्रांच्या भागांसाठी नागदेवी स्ट्रीट प्रसिद्ध आहे. तिथे जाणारे कोणी असेल तर चिठ्ठी द्यावी. चिठ्ठीवर माप मात्र अचूक हवे.

तिसरी वाट नवे करून घेण्याची. नव्या टायमरचा दांडा जाड निघाला. जुनी खुंटी त्यावर बसेना. लेथवाल्याने खुंटीचे भोक मोठे करून दिले. नायलॉनचे बुशही तो करून देतो.

ही अडचण काही आपलीच नाही. अमेरिकेत आयोवा राज्यात न्यूटन नावाचे गाव आहे. तिथे मेटॅग कंपनीने १९०७ साली आपले पहिले धुलाई यंत्र केले. दोन रुळांमधून कपडा पिळून काढणारी तिची यंत्रे फार टिकाऊ म्हणून नावाजली. १९८३ साली तशी यंत्रे करणे तिने थांबवले. २००६ साली कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली आणि २००७ साली न्यूटनचा कारखाना बंद झाला. तरी ती जुनी यंत्रे जपणारे लोक आजही आहेत. एका यंत्राचे भाग दुसऱ्याला लावून ते ती चालू ठेवतात. कारखाना बंद झाला म्हणून यंत्र मरत नाही.

केव्हा नाद सोडावा?

प्रत्येक जुने यंत्र वाचवावे असे मी म्हणत नाही. टाकीला तडा गेला असेल, पत्रा गंजून चाळण झाली असेल, दोन्ही मोटरी जळल्या असतील, तर खर्च करू नये. पिळण्याच्या टाकीचे झाकण उघडल्यावर डबा लगेच थांबला पाहिजे. त्यासाठी ब्रेक असतो. ब्रेक दुरुस्त होत नसेल तर ती टाकी वापरू नका. फिरत्या डब्यात हात गेला तर कपड्याबरोबर हातही पिळला जातो.

टाकून द्यायचे ठरले, तर तारा जाळून तांबे काढू नका. तो धूर विषारी असतो. विजेच्या जुन्या वस्तू परवानाधारक गोळा करणाऱ्याकडेच द्याव्यात.

आक्कांचे यंत्र मात्र चालू झाले. खालच्या पत्र्याचा गंज घासून त्यावर रेड ऑक्साइड लावला. पाणी लागू नये म्हणून यंत्र लाकडी पाटावर ठेवले. आवाज अजून थोडा येतो. पण धुणे निघते. चादरी आणि जाड कपडे आता आक्का घरी आणून धुतात. हाताच्या भेगा भरत आल्या आहेत.

परवा शेजारची एक बाई त्यांना म्हणाली, "आमचा पंप बंद पडलाय. पार्ट मिळत नाही म्हणतात."

आक्का म्हणाल्या, "त्याच्यावर आकडा काय लिहिलाय ते वाचलंस का?"

एवढे लक्षात ठेवा

१. आधी प्लग काढा. कपॅसिटरला हात लावू नका.
२. अर्थिंग असल्याशिवाय यंत्र वापरू नका.
३. तार सोडण्याआधी चिठ्ठी बांधा.
४. सील आणि बेअरिंग एकदमच बदला.
५. नजरेने माप घेऊ नका. मोजून घ्या.
६. भागावरचा आकडा वाचा, लिहून घ्या आणि मगच दुकानात जा.