लंगोटाच्या जागची लाल गाठ

फौजेत असताना प्रत्येक जवानाला मी बजावत असे, ‘बुटातला फोडसुद्धा लपवू नकोस.’ आणि माझ्याच घरात नेमकं तेच घडलं.

मुलगा-सून बडोद्याला असतात. नात तीन आठवड्यांची असताना लंगोटाच्या नाजूक जागी लाल ठिपका दिसला. ‘मुलीची जात, बाहेर बोलू नका,’ असं बायकांत ठरलं. मलाही कळवलं नाही. दीड महिन्यात ठिपक्याची गाठ झाली, मग ती चिघळली. लघवी करताना पोर कळवळून रडू लागली, तेव्हा कुठे डॉक्टर गाठले.

निदान झालं हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या पेशी वाढून झालेली गाठ. हा कॅन्सर नव्हे. ती नजर लागून किंवा आईच्या खाण्यापिण्यामुळे होत नाही. अंगावर कुठेही उठते. या जागी क्वचित. पहिल्या काही आठवड्यांत दिसते, काही महिने झपाट्याने वाढते आणि पुढे काही वर्षांत हळूहळू ओसरते. पुष्कळदा उपचारही लागत नाहीत. मात्र लंगोटाच्या जागी ओल आणि घर्षण असल्यामुळे ती लवकर चिघळते. गाठ मोठी, पसरट असेल तर डॉक्टर कणा आणि मूत्रमार्गही तपासून घेतात.

यावरचं औषध योगायोगाने सापडलं. प्रोप्रॅनोलॉल हे हृदयविकार आणि रक्तदाबावरचं जुनं औषध. फ्रान्समधल्या बोर्दो शहरात एका बाळाला ते हृदयासाठी दिलं, तर दुसऱ्याच दिवशी त्याची लाल गाठ मऊ पडली. डॉक्टरांनी २००८ साली ही गोष्ट जगापुढे मांडली. आज हेच मुख्य औषध आहे. पण घरातल्या आजोबांची गोळी बाळाला द्यायची नाही! बाळाचं हृदय तपासून, वजनाप्रमाणे डॉक्टरच मात्रा ठरवतात. दूध पाजल्यावरच औषध द्यायचं, नाहीतर रक्तातली साखर घसरू शकते. बाळ दूध घेत नसेल किंवा उलट्या होत असतील, तर औषध थांबवून डॉक्टरांना फोन करायचा.

नात आता दोन वर्षांची आहे. फिकट डाग तेवढा उरलाय.

मंडळी, प्रत्येक लाल गाठ हीच असते असं नाही, म्हणून घरी अंदाज बांधत बसू नका. फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. बाळाला थेट बालरोगतज्ज्ञांकडे न्या. ती जागाही शरीराचाच भाग आहे. आमच्या संकोचाची किंमत त्या तान्ह्या पोरीने मोजली. तुमच्या घरी तसं होऊ देऊ नका. जय हिंद.