टायपिंग करताना कर्सर का पळतो? टचपॅडबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

लिहिण्याच्या ओघात कर्सर एकदम तीन ओळी वर जातो आणि पुढचं अक्षर भलत्याच शब्दात घुसतं. कधी अख्खा परिच्छेद निळा होतो आणि पुढची कळ दाबताच नाहीसा होतो. (अशा वेळी लगेच कंट्रोल-झेड दाबावं, मजकूर परत येतो.) परीक्षेचा अर्ज भरणारे विद्यार्थी, बातमी लिहिणारे पत्रकार, घरून काम करणारे कर्मचारी, सगळ्यांनाच हा त्रास ओळखीचा आहे. त्यावरचे सल्लेही ठरलेले असतात: व्हायरस शिरला असेल, फॉरमॅट मारा, टचपॅड बदलून घ्या. यातल्या बऱ्याच सल्ल्यांनी पैसे जातात आणि त्रास मात्र तसाच राहतो. टचपॅडचं काम कसं चालतं हे कळलं, तर यातल्या बहुतेक अडचणी घरीच सुटतात. जी अडचण घरी सोडवू नये, तीही वेळेत ओळखता येते.

गैरसमज १ : टचपॅडला दाब कळतो. हात जोरात टेकला नाही, तर क्लिक होणार नाही.

वस्तुस्थिती : आजच्या लॅपटॉपचे टचपॅड दाबावर नव्हे, तर विद्युत धारकतेवर चालतात. पृष्ठभागाखाली बारीक विद्युत वाहकांची जाळी असते. बोट जवळ आलं की त्या ठिकाणची धारकता किंचित बदलते, आणि तो बदल मोजून बोटाची जागा ठरते. १९९४मध्ये ॲपलच्या पॉवरबुक ५०० मालिकेतून टचपॅड लॅपटॉपवर आला, तेव्हापासून मूळ तत्त्व हेच आहे. त्यामुळे अंगठ्याच्या मुळाशी असलेला तळव्याचा फुगीर भाग नुसता घासून गेला, तरी तो स्पर्श नोंदला जातो. मराठीत इनस्क्रिप्टने टाइप करणाऱ्यांच्या बाबतीत ही शक्यता थोडी वाढते. ‘क’ नुसत्या कळीने उमटतो, पण ‘ख’साठी शिफ्ट लागते, ‘ग’-‘घ’ आणि ‘प’-‘फ’ यांचंही तसंच. करंगळी शिफ्टकडे ताणताना तळवा सरकतो आणि टचपॅडला लागतो.

गैरसमज २ : कर्सर आपोआप पळतोय, म्हणजे लॅपटॉप कुणीतरी हॅक केलाय.

वस्तुस्थिती : पडद्यावर दोन वेगळ्या खुणा असतात. एक बाणाची, जी टचपॅडने हलते. दुसरी मजकुरात लुकलुकणारी उभी रेघ, जिथे अक्षर उमटतं. टचपॅडवर हलकी टिचकी पडली की संगणक तिला क्लिक समजतो आणि रेघ बाणाच्या जागी नेऊन ठेवतो. टिचकी आणि घसरणं एकापाठोपाठ झालं, तर मजकूर निवडला जातो. मग पुढचं अक्षर त्या निवडलेल्या मजकुराची जागा घेतं. ‘परिच्छेद गायब झाला’ ही तक्रार बहुधा अशीच घडते.

खात्री करायची असेल, तर टचपॅड पूर्ण बंद करावा, माउस जोडावा आणि नेहमीसारखं टाइप करत राहावं. त्रास थांबला, तर कारण टचपॅडच. थांबला नाही, तर टचस्क्रीन, माउस किंवा अडकलेली एखादी कळ यांच्याकडे वळावं.

गैरसमज ३ : टाइप करताना टचपॅड क्षणभर चालत नाही, म्हणजे तो खराब झालाय.

वस्तुस्थिती : हा बिघाड नसून मुद्दाम केलेली सोय आहे. कळा दाबल्या जात असताना आणि त्यानंतर थोडा वेळ टचपॅडकडे दुर्लक्ष करायचं, असं सॉफ्टवेअरला शिकवलेलं असतं. स्पर्शाचा आकार मोठा आहे का, तो कडेला आहे का, यावरूनही तळवा आणि बोट यांतला फरक ओळखला जातो. गेम खेळणाऱ्यांना ही सोय नकोशी होते, कारण एका हाताने कळ दाबून धरताना दुसऱ्या हाताने टचपॅड चालवायचा असतो. लिनक्सच्या अनेक आवृत्त्यांत ही सोय सेटिंगमधून बंद किंवा सुरू करता येते.

ही सोय लॅपटॉपच्या स्वतःच्या कीबोर्डसाठी असते. लॅपटॉपला बाहेरचा कीबोर्ड जोडला, तर काही यंत्रणांमध्ये त्यावरच्या टायपिंगने टचपॅड थांबत नाही. अशा मांडणीत टचपॅड बंदच ठेवलेला बरा.

गैरसमज ४ : संवेदनशीलता जितकी जास्त, तितका टचपॅड चांगला.

वस्तुस्थिती : ज्यांचं मुख्य काम लिहिण्याचं आहे, त्यांच्यासाठी नेमकं उलटं खरं आहे. विंडोज ११मध्ये सेटिंग्जमधून ‘ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस’, तिथून ‘टचपॅड’ आणि मग ‘टॅप्स’ उघडलं, तर संवेदनशीलतेच्या चार पायऱ्या दिसतात. बाण किती वेगाने धावतो, याच्याशी त्यांचा संबंध नाही; त्यासाठी वेगळी सेटिंग आहे. टिचकी किती सहज क्लिक मानायची, हे त्या पायऱ्या ठरवतात. सर्वांत वरच्या पायरीवर चुकीचे स्पर्श सर्वाधिक स्वीकारले जातात. टाइप करताना कर्सर उडत असेल, तर मध्यम किंवा कमी पायरी निवडावी.

तेवढ्याने भागलं नाही, तर त्याच जागी एका बोटाच्या टिचकीने क्लिक होण्याचा पर्याय बंद करावा. मॅकवर तो ‘ट्रॅकपॅड’च्या सेटिंग्जमध्ये असतो. मग क्लिकसाठी टचपॅड खाली दाबावा लागतो, पण चुकून लागलेल्या तळव्याने रेघ हलत नाही. सतत लिहिणाऱ्यांसाठी हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. माउस जोडल्यावर टचपॅड आपोआप बंद व्हावा, अशी सोयही विंडोजमध्ये आहे.

गैरसमज ५ : टचपॅड मधोमध नाही, डावीकडे सरकलाय, ही बनावटीतली चूक आहे.

वस्तुस्थिती : ज्या लॅपटॉपवर उजवीकडे आकड्यांच्या कळांचा वेगळा गट असतो, तिथे अक्षरांच्या कळा डावीकडे सरकतात आणि स्पेसबारही. टचपॅड स्पेसबारच्या रेषेत ठेवला, तर टाइप करताना तो दोन्ही तळव्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत येतो. अगदी मधोमध ठेवला असता, तर उजवा तळवा सतत त्यावर आला असता.

गैरसमज ६ : चार्जर लावला की बाण थरथरतो, म्हणजे टचपॅड बदलायला हवा.

वस्तुस्थिती : आधी चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघावं. थरथर थांबली, तर संशय चार्जरवर किंवा अर्थिंगवर घ्यावा. धारकतेतले बदल अतिशय सूक्ष्म असतात, त्यामुळे चार्जरमधून येणारा विद्युत गोंगाट ते मोजमाप बिघडवू शकतो. जुन्या घरांत सॉकेटला अर्थिंगची तार जोडलेलीच नसते, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडणीतून लावलेला असतो. लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर हलक्या मुंग्या आल्या, तर तीही त्याचीच खूण समजावी. अर्थिंग असलेला सॉकेट आणि त्या लॅपटॉपसाठीचाच चार्जर वापरावा. घरातलं अर्थिंग तपासण्याचं काम मात्र इलेक्ट्रिशियनलाच सांगावं.

ओलाव्यानेही मोजमाप चुकतं. पावसाळ्यातली दमट हवा, घामेजलेली बोटं आणि हाताला लावलेलं क्रीम यांमुळे टचपॅडवर थर जमतो. लॅपटॉप बंद करून, किंचित ओलसर मऊ कापडाने पुसून, पूर्ण कोरडा झाल्यावरच तो सुरू करावा. द्रव थेट पृष्ठभागावर फवारू नये.

गैरसमज ७ : टचपॅड घट्ट झालाय किंवा एका बाजूने वर आलाय, जोर लावून दाबला की बसेल.

वस्तुस्थिती : असं कधीही करू नये. अनेक लॅपटॉपमध्ये बॅटरी टचपॅडच्या खाली किंवा त्याच्या शेजारीच असते. लिथियम-आयन बॅटरी जुनी किंवा खराब झाली की तिच्यात वायू तयार होऊन ती फुगू शकते आणि टचपॅडला खालून रेटते. क्लिक होईनासं होणं, टचपॅडच्या कडेला फट दिसणं, सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगणं, ही त्याची लक्षणं. फुगलेली बॅटरी दाबली किंवा टोचली गेली, तर पेट घेऊ शकते. लॅपटॉप बंद करावा, चार्जर काढावा, पुन्हा चार्ज करू नये आणि दुरुस्ती केंद्रात न्यावा. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनाकडेच द्यावी.

तपासणीचा क्रम सोपा आहे. आधी टचपॅड सपाट आहे का, ते नजरेने पाहा. मग तो बंद करून टाइप करून बघा. त्यानंतर टिचकीचं क्लिक, संवेदनशीलता, चार्जर आणि स्वच्छता, अशी एकेका गोष्टीची परीक्षा घ्या. एका वेळी एकच बदल करा, म्हणजे खरं कारण सापडेल. एवढं करूनही त्रास राहिला, तरच दुरुस्तीवर खर्च करा. मात्र टचपॅड वर आलेला दिसला, तर पुढचं काहीही न तपासता त्याच दिवशी लॅपटॉप वापरणं थांबवा.