वारुण भूकंप व परराष्ट्रांचें साहाय्य

वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत भूकंपलक्षणावर स्वतंत्र अध्याय आहे. त्यांत भूकंपाचे वायव्य, आग्नेय, ऐंद्र व वारुण असे चार वर्ग कल्पिले असून, पैकीं वारुण भूकंप समुद्राच्या व नद्यांच्या आश्रयानें राहणाऱ्यांचा नाश करितो, अतिवृष्टि आणितो आणि वैर शमवितो, असें फल सांगितलें आहे. नाश व वैरशमन हीं एकत्र कां सांगावींत, याचा उलगडा ज्योतिषानें होत नाहीं. २६ डिसेंबर २००४ च्या समुद्रगर्भांतील भूकंपानंतर राष्ट्राराष्ट्रांत जें साहाय्य वाहिलें, त्याच्या इतिहासावरून मात्र या वचनाची परीक्षा करितां येते.

साहाय्य या एका शब्दाखालीं तीन कर्में मोडतात : ढिगाऱ्याखालील जीव काढणें, वांचलेल्यांस अन्नवस्त्र पुरविणें व वसति पुन्हां उभारणें. याचें उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. अनंतचतुर्दशीचें विसर्जन आटोपून लोक निजले असतां, ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं किल्लारीच्या परिसरांत, लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत, भूकंप झाला. मातींत रचलेल्या दगडी भिंती व वरील मातीचें जड छत यांखालीं सुमारें ८,००० माणसें मेलीं. जीव काढण्याचें काम मुख्यतः शेजाऱ्यांनीं व सैन्यानें केलें. दूरदेशच्या माणसास तितक्या घटिकांत पोंचतांच येत नाहीं. परकी द्रव्याचा मोठा भाग तिसऱ्या कर्मास लागला. जागतिक बँकेनें १९९४ सालीं सुमारें २४ कोटि ६० लक्ष डॉलर दिले. हें दान नव्हे, ऋण होतें; भार हलका, पण फेडावयाचें. दानपत्र व कर्जरोखा यांतील अंतर जाणणाऱ्या संग्राहकांनीं तरी हा भेद पुसूं देऊं नये. ५२ गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं. इतर गांवांतून सुमारें दोन लक्ष घरें मालकांनींच साहाय्य घेऊन दुरुस्त केलीं, व महिला मंडळांतील स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून नेमिल्या गेल्या. माझ्या मतें त्या द्रव्याचा उत्तम विनियोग या दुरुस्तींतच झाला.

आतां २००४ सालाकडे वळूं. त्सुनामी हा जपानी शब्द. ‘त्सु’ म्हणजे बंदर व ‘नामि’ म्हणजे लाट. आमच्या अकोटास समुद्र नाहीं, आणि येथील पुष्कळांस हा शब्द त्याच वर्षीं कळला. सुमात्राजवळील भूकंपानें उठलेल्या लाटांनीं चौदा देशांत मिळून सव्वादोन लक्षांहून अधिक माणसें नेलीं. भारतांतील मृत दहा हजारांहून अधिक, त्यांत नागपट्टणम् जिल्ह्याची हानि सर्वांत भयंकर. तरीहि भारत सरकारनें तातडीच्या मदतीकरितां परराष्ट्रांचें साहाय्य नाकारिलें, आणि आपलीं जहाजें श्रीलंका, मालदीव व इंडोनेशिया येथें धाडिलीं. सर्वेक्षणाकरितां बांधलेलीं ‘जमुना’ व ‘निरूपक’ हीं जहाजें रुग्णालयें म्हणून अनुक्रमें श्रीलंकेस व इंडोनेशियास गेलीं. पुढें २००५ सालीं पुनर्रचनेकरितां जागतिक बँक व आशियाई विकास बँक यांचें साहाय्य घेतलें गेलें. कोणी यांत विसंगति पाहतात. किल्लारीचा अनुभव ध्यानांत घेतां ती दिसत नाहीं : पहिलीं दोन कर्में घरचीं, तिसऱ्यास बाहेरचें द्रव्य.

राहिलें वैरशमन. सुमात्राच्या उत्तरेकडील आचे प्रांतांत १९७६ पासून बंड चालू होतें व परकीयांस तेथें प्रवेश दुर्घट होता. भूकंपानंतर दार उघडलें, आणि १५ ऑगस्ट २००५ रोजीं हेलसिंकी येथें तह झाला. श्रीलंकेंत उलट घडलें. मदतीच्या वाटपाकरितां सरकार व तामिळ वाघ यांच्यांत जून २००५ मध्यें करार झाला. जुलैंत तेथील सर्वोच्च न्यायालयानें त्याच्या महत्त्वाच्या कलमांस स्थगिति दिली, व २००६ सालीं युद्ध पुन्हां भडकलें. तेव्हां वारुण भूकंपाचें तें फल निश्चित मानतां येत नाहीं. आचेंतहि बोलणीं लाटेपूर्वींच आरंभलीं होतीं, हें विसरतां कामा नये. वाटप कोणाच्या हातीं, हा प्रश्न श्रीलंकेंत साहाय्यापेक्षां मोठा ठरला.

किल्लारीच्या वाटपाचेहि कागद आहेत : पंचनामे, लाभार्थ्यांच्या याद्या, ग्रामसभांचे ठराव, घरदुरुस्तीच्या नोंदी. बँकेचे अहवाल टिकतील. खेड्यांतील दप्तरास वाळवी वाट पाहत नाहीं. असे कागद ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं गांव व तारखेसह त्यांची सूची करून मंडळाकडे पाठवावी.