मानवत रोडच्या अलीकडचा समुद्र

केंद्र सरकारने ४ नोव्हेंबर २०२५ रोजी खोल समुद्रातल्या मासेमारीचे नवे नियम अधिसूचित केले. ‘परदेशी ट्रॉलरना मज्जाव’ हा मथळा परभणीतही वाचला गेला. समुद्र इथून सरळ रेषेत चारशे किलोमीटरवर, तेव्हा पान उलटलं गेलं असेल तर नवल नाही. पण ही बातमी आपल्या ओळखीच्या वाटेवर मांडून पाहिली, की तिचा अर्थ लागतो.

परभणी स्टेशन म्हणजे किनारा आणि तिथून मुंबईकडे सगळं पाणीच पाणी, असं समजा. भारताचं अनन्य आर्थिक क्षेत्र किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे ३७० किलोमीटरपर्यंत. सरळ रेषेत मोजलं तर ते कसारा घाट उतरून शहापूरच्या आसपास संपेल. किनाऱ्यालगतचे पहिले १२ सागरी मैल, जेमतेम २२ किलोमीटर, राज्याच्या अखत्यारीत. तेवढ्यात मानवत रोड स्टेशनसुद्धा येत नाही. केंद्राचे नवे नियम त्याच्या पुढच्या पाण्यासाठी आहेत. लहान होडीवाल्याचं पोट मात्र मानवत रोडच्या अलीकडेच भरतं, आणि खरी झुंजही तिथेच चालू आहे.

परदेशी बोटींची भीती निराधार नाही. १९९१च्या धोरणाने परदेशी भागीदारीतल्या बोटींना खोल समुद्र खुला झाला. देशभरच्या मच्छीमारांनी संप केले, उपोषणं केली. सरकारनेच नेमलेल्या मुरारी समितीने ते परवाने रद्द करण्याची शिफारस केली आणि १९९७मध्ये सरकारला ती मान्य करावी लागली. २०१४मध्ये मीनाकुमारी समितीच्या अहवालाने तोच विषय पुन्हा उकरून काढला, पुन्हा विरोध झाला आणि २०१७मध्ये खोल समुद्रातल्या परवानगीपत्रांची योजनाच गुंडाळली गेली. आताच्या नियमांत मच्छीमार सहकारी संस्थांना प्राधान्य आहे. हे मच्छीमारांनी तीस वर्षं लढून मिळवलेलं आहे, याची नोंद व्हायला हवी.

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याचा मच्छीमार मात्र ‘परके ट्रॉलर’ म्हणतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर कर्नाटकातल्या मलपीच्या हायस्पीड बोटी असतात. ट्रॉलरचं जाळं पिशवीसारखं. त्याचं तोंड फाकवून धरायला दोन्ही बाजूंना जड फळ्या, आणि ते तळ खरवडत ओढत न्यायचं. विकायची कोळंबी येते, तिच्याबरोबर बोटभर पिल्लंही येतात.

एलईडीची मासेमारी त्याहून घातक. काळोख्या रात्री बोटीवर जनरेटर लावतात, प्रखर दिवे पाण्यावर सोडतात. उजेडाला मासळी गोळा होते. मग पर्ससीनचं जाळं भोवती फिरवायचं आणि बटव्याची नाडी ओढावी तसा खालचा दोर आवळायचा. थवाच्या थवा आत. याच किनाऱ्यावर रापण ओढली जाते. जाळ्याची दोन्ही टोकं धरून माणसं वाळूत टाचा रोवून मागे सरकत असतात, आणि आलेल्या मासळीचे वाटे तिथेच पडतात. मासळी रात्रीच बाहेर उचलली गेली, तर सकाळी एवढ्या माणसांत वाटायचं काय?

केंद्राने आपल्या अखत्यारीतल्या पाण्यात एलईडीवर २०१७मध्येच बंदी घातली होती. २०२५च्या नियमांत ती पुन्हा लिहावी लागली. राज्याचा सागरी मासेमारीचा कायदा १९८१चा. २०२१च्या दुरुस्तीने दंड वाढवला आणि निवाड्याचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांकडे दिले. २०२५च्या जानेवारीत ड्रोनची गस्तही सुरू झाली. ड्रोन फोटो काढतो, पण बोट अडवायला बोटच लागते. गस्तीनौका हायस्पीड ट्रॉलरला गाठू शकत नाही, ही मच्छीमारांची जुनी तक्रार आहे. परदेशी बोटींना दार लावलं ते योग्यच झालं. पण वेगवान गस्तीनौका, त्यांवर पुरेशी माणसं आणि डिझेल यांवर आधी पैसा खर्च झाला नाही, तर वाड्यात चोर फिरत असताना वेशीला कुलूप घातल्यासारखं होईल.

परभणीकरांना हे परकं वाटू नये. जिंतूर तालुक्यात पूर्णेवर येलदरीचं धरण आहे. अशा जलाशयांत कटला, रोहू, मृगळ यांचं बीज सोडायचं, ते वाढेपर्यंत कळ काढायची आणि मग थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं टाकायचं, ही भोई समाजातल्या कितीतरी घरांची रोजीरोटी. इथे ट्रॉलर येत नाही. पण बारीक आसाचं जाळं लागलं, की बोटभर रोहू तसाच वर येतो. एप्रिल २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. तो निर्णय मालवणच्या होडीला लागू आहे, तसाच येलदरीच्या तराफ्यालाही. शेतात उभं पीक कुणी रात्री कापून नेलं तर ठाण्यात तक्रार घ्यावी लागते. पाण्यातल्या पिकाची तक्रार तितक्याच तत्परतेने घेतली जाते का, हे जिंतूरच्या मच्छीमारांनी आता विचारायला हवं.