फुकटचे घर आणि वस्तीचा नकार

मुंबईतील बी. डी. डी. चाळींच्या रहिवाशांनी पुनर्विकासाच्या सरकारी योजनेला वर्षानुवर्षे विरोध केला. त्या विरोधाचा अर्थ आमच्याकडील विद्यार्थ्यांना, आणि खरे सांगायचे तर काही कार्यकर्त्यांनाही, लागत नाही. ताडकळसला काय किंवा पूर्णेला काय, विषय निघाला की प्रश्न ठरलेला असतो. 160 चौरस फुटांची खोली, मजल्यावर सामाईक संडास, सकाळी त्यापुढे रांग. आणि सरकार 500 चौरस फुटांचे घर फुकट द्यायला निघालेले. मग ही माणसे नाही का म्हणतात? यांना सवयीचे दारिद्र्यच गोड लागते काय?

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. उत्तराला थोडा इतिहास आणि थोडे अंकगणित लागते.

या चाळी मुळात कोणी मागितल्या नव्हत्या. 1920 साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत मुंबईत विकासाचे एक स्वतंत्र सरकारी खाते निघाले. बॅकबेचा समुद्र बुजवण्याचे कामही याच खात्याकडे होते. त्यातील गैरकारभार पुढे के. एफ. नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला, तो भाग वेगळा. गिरणी कामगारांसाठी एका खोलीची 50 हजार घरे बांधायची असा खात्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड (आजचा ना. म. जोशी मार्ग) आणि शिवडी येथे 207 चाळी उभ्या राहिल्या. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, मधोमध अंधारा बोळ. भाडे कामगाराला परवडेना, म्हणून पुष्कळ खोल्या रिकाम्याच राहिल्या. कायदेभंगाच्या चळवळीत वरळीच्या चाळींचा सरकारने तात्पुरता तुरुंग केला. ज्या इमारतीचा सहज तुरुंग करता येतो, तिच्यात राहणाऱ्या माणसाविषयी बांधणाऱ्याच्या मनात काय असेल, याचा तर्क वाचकांनी करावा.

अशा इमारतींना घरपण आणले ते नंतर राहायला आलेल्यांनी. कोकणातून, घाटावरून, मराठवाड्यातून माणसे आली आणि येताना जातही घेऊन आली. कोणत्या नंबरच्या चाळीत कोणाची वस्ती, हे ठरून गेले. बौद्धांच्या चाळी वेगळ्या ओळखू येऊ लागल्या. त्या चाळींतून जयंतीची मंडळे उभी राहिली, विहारे झाली, गायनपार्ट्या निघाल्या. 5 जानेवारी 1974 रोजी दलित पँथरच्या सभेनंतर वरळी पेटली, तेव्हा याच चाळींच्या गच्च्यांवरून दगड आले आणि याच चाळींतल्या पोरांनी ते झेलले. पाच दिवसांनी, 10 जानेवारीला, परळच्या मोर्चात भागवत जाधव मारले गेले. दंगलीच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती भस्मे यांचा आयोग बसला. वरळी आणि नायगाव ही नावे आपल्या चळवळीच्या स्मरणात आहेत ती यामुळे. शासनाने मात्र 2021 च्या अखेरीस या वस्त्यांची नवी नावे जाहीर केली ती अशी : वरळीला बाळासाहेब ठाकरे नगर, नायगावला शरद पवार नगर, ना. म. जोशी मार्गाला राजीव गांधी नगर. पुनर्विकास म्हणजे काय, हे समजून घ्यायला एवढा एक तपशीलही पुरे होईल. पण आपण पुढे जाऊ.

आता अंकगणित. मुंबईत घर बांधण्याचा विचार चटईक्षेत्र निर्देशांकावाचून होत नाही. शब्द अवजड असला तरी गोष्ट साधी आहे. हजार फूट जमिनीवर सगळ्या मजल्यांचे मिळून चार हजार फूट बांधकाम करायला परवानगी असेल, तर निर्देशांक चार झाला. वरळीची जमीन सुमारे 59 एकर. चाळी 121, प्रत्येकीत 80 खोल्या. म्हणजे 9680 घरे. प्रत्येकाला 500 फूट द्यायचे तर 48 लाख 40 हजार फूट झाले. भिंती, जिने, उद्वाहक यांसाठी आणखी निम्मे धरू. साधारण साडेबाहात्तर लाख फूट बांधकाम लागेल. हे सारे आठ मजली इमारतींत बसवले, तर इमारतींखाली जमीन जाईल ती एकवीस एकरांच्या आत. उरलेले अडतीस एकर रस्ते, शाळा, दवाखाना, मैदान यांना मोकळे.

हिशेब ढोबळ आहे, पण सांगायचे ते सांगतो. मूळ रहिवाशाला मोठे घर देण्यासाठी चाळीस मजल्यांची गरज नाही. वरळीत मूळ रहिवाशांसाठी चाळीस मजली मनोरे आखले गेले, ते का? कारण योजनेला सरकारच्या तिजोरीतून पैसा यायचा नाही; तो तिथल्याच जमिनीतून काढायचा आहे. रहिवाशाला जमिनीच्या एका भागात उभे रचायचे, सुटलेल्या भागावर विक्रीची घरे बांधायची, आणि त्या विक्रीतून सगळा खर्च वसूल करायचा. मनोऱ्याची उंची अशी जमाखर्चाच्या वहीतून ठरते. आणि म्हणूनच ‘फुकट’ हा शब्द फसवा आहे. रहिवासी आपल्या पायाखालची जमीन देतो, डोक्यावरचे आभाळ देतो, आणि त्या बदल्यात 340 फूट जास्त घेतो. हा सौदा आहे. सौदा वाईटच असतो असे नाही. पण ज्याच्याशी सौदा करायचा त्याची संमती तरी घ्यावी लागते. बी. डी. डी. योजनेत म्हाडा ही सरकारी संस्था स्वतः काम करणार म्हणून रहिवाशांच्या संमतीची अटच ठेवली गेली नाही. 1920 मध्ये विचारले नाही. 2017 च्या एप्रिलमध्ये भूमिपूजन झाले तेव्हाही नाही.

नायगावच्या लोकांनी पात्रतेचे सर्वेक्षण अडवले ते या पार्श्वभूमीवर. त्यांची मागणी फार क्रांतिकारक नव्हती. आधी नोंदणीकृत करार करा, मग आम्ही खोली सोडतो, एवढीच. मुंबईत जुन्या इमारतींतून संक्रमण शिबिरात हलवलेली कुटुंबे तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे तिथेच पडून राहिलेली सर्वांनी पाहिली आहेत. कागदावाचून दिलेल्या शब्दाचा अनुभव आपल्या समाजाइतका कोणाला असणार? वतनाच्या जमिनी कशा गेल्या, हे आपल्या घराघरांतील म्हाताऱ्यांना विचारावे.

‘पात्र’ आणि ‘अपात्र’ हे शब्द या सर्व व्यवहारात सतत भेटतात. मला ते ऐकताना अंगावर काटा येतो. माणूस तोच, त्याच शहराची घाण उपसणारा; पण एका तारखेच्या अलीकडे तो पात्र आणि पलीकडे अपात्र. धारावीच्या योजनेत 1 जानेवारी 2000 पूर्वी तळमजल्यावर राहणाऱ्याला धारावीतच 350 फुटांचे घर, 2000 ते 2011 मधल्याला अडीच लाख रुपये भरून धारावीबाहेर 300 फूट, आणि माळ्यावर राहणाऱ्याला भाड्याचे घर, तेही बाहेरच. बाहेर म्हणजे कुठे? ज्या जागा शासनाने मंजूर केल्या त्यांत देवनारच्या कचराभूमीची जमीन आहे! गावकुसाबाहेरची कल्पना शहराने सोडली असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी हा नकाशा पाहावा.

विरोधाचे आणखी एक कारण आरोग्याचे आहे, आणि त्याला पुरावा आहे. गोवंडी-मानखुर्दकडील लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा पुनर्वसन वसाहतींत इमारती इतक्या खेटून बांधल्या की खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही. तेथे झालेल्या अभ्यासात हवा-उजेड कमी असलेल्या खालच्या घरांत क्षयरोगाचे प्रमाण अधिक आढळले. झोपडी गेली, पक्के घर मिळाले, आणि घराबरोबर क्षय मिळाला. नवी मुंबईची कल्पना मांडणाऱ्यांपैकी एक शिरीष पटेल यांनी वरळीच्या आराखड्याबाबत असेच आक्षेप घेऊन मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली होती. मूळ रहिवाशांचे मनोरे दाटीवाटीने आणि विक्रीचे मनोरे ऐसपैस, ही विषमता त्यांनी दाखवून दिली.

इथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ती टाळणे म्हणजे चाळीचे गोडवे गाणे होईल, आणि ते काम मध्यमवर्गीय लेखकांनी पुरेसे केले आहे. सामाईक संडासाच्या रांगेत पहाटे उभ्या राहणाऱ्या बाईला घरात संडास हवा असतो. तिला चाळसंस्कृती सांगू नये. बाबासाहेब स्वतः परळच्या बी. आय. टी. चाळीत अनेक वर्षे राहिले आणि ग्रंथांसाठी, अभ्यासासाठी दादरला राजगृह बांधून तेथे गेले. जुने ते जपावे असा त्यांचा उपदेश नव्हता. खेड्याविषयी त्यांनी घटना समितीत काय म्हटले ते आपण जाणतो. शिवाय मनोऱ्यातील घरे सोडतीने मिळतात. सोडतीला जात कळत नाही. अमुक नंबरची चाळ बौद्धांची, तमुक मराठ्यांची, ही वाटणी तिने मोडते. ही गोष्ट आपण स्वागतार्हच मानली पाहिजे.

आणि तरीही मला पेच पडतो. एका बोळाच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर राहणारी शंभर माणसे अर्ध्या तासात रस्त्यावर उतरू शकत होती. 1974 ची वरळी त्यातून घडली. चाळीस मजल्यांवर, बंद दारांआड, उद्वाहकाच्या वेळापत्रकावर विखुरलेल्या त्याच माणसांची जयंती कोण काढणार? वर्गणी मागायला कोण कोणाच्या दाराशी जाणार? सोडतीने जात मोडेल की नुसती चळवळ मोडेल आणि जात सोसायटीच्या निवडणुकीत परत येईल, हे आज कोणी छातीठोकपणे सांगू नये. माझे मत असे की घर स्वीकारावे, पण विहार, वाचनालय, मैदान आणि सभेची जागा करारात लिहून घ्यावी. तोंडी आश्वासनावर ही सोडू नयेत.

असे का म्हणतो, त्याला दाखला आहे. दादरच्या आंबेडकर भवनाच्या जागी सतरा मजली इमारत उभारण्याचा प्रस्ताव होता. 25 जून 2016 रोजी, रात्रीच्या अंधारात, ते भवन आणि त्याच्यासोबत बुद्धभूषण छापखाना पाडण्यात आला. ज्या छापखान्याने बाबासाहेबांची पत्रे छापली, तो इमारत धोकादायक असल्याच्या कारणाखाली मातीस मिळाला. 19 जुलैला मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. नवी इमारत नको असे मोर्चातील फार थोड्यांचे म्हणणे असेल. आमचे काय पाडायचे हे आम्हाला न विचारता कसे ठरते, हा त्यांचा प्रश्न होता.

वरळीत काम 2021 च्या ऑगस्टमध्ये सुरू झाले आणि 14 ऑगस्ट 2025 रोजी पहिल्या 556 कुटुंबांना चाव्या मिळाल्या. ज्यांनी घरे पाहिली त्यांना ती आवडली, आणि ती आवडावीत. बारा वर्षांची देखभाल योजनेतच धरली आहे. तेराव्या वर्षी चाळीस मजल्यांचे उद्वाहक, पाण्याचे पंप, आगीची यंत्रणा यांचा महिन्याचा खर्च त्या घरांतील निवृत्त सफाई कामगाराला किंवा कंत्राटी मजुराला झेपला नाही, तर तो घर विकून बदलापूर-विरारकडे निघेल. अमेरिकेत सेंट लुईसला 1950 च्या दशकात गरिबांसाठी प्रुइट-आयगो ही तेहतीस अकरा-मजली इमारतींची वसाहत बांधली होती. तिची देखभाल भाडेकरूंच्या भाड्यातून करायची होती. भाडेकरू गरीब होत गेले, दुरुस्ती थांबली, आणि 1972 पासून ती सुरुंग लावून पाडावी लागली.

आमच्या भागातून 1972 च्या दुष्काळात जी कुटुंबे मुंबईला गेली, त्यांतली अनेक घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरासारख्या वस्त्यांत स्थिरावली. 11 जुलै 1997 रोजी पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली, ती हीच वस्ती. आता तिथेही मनोऱ्यांची योजना आली आहे. ज्यांचे चुलते, मामा, मावशा तिथे राहतात त्या आमच्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत जाताना तीन गोष्टी विचारून याव्यात : करार नोंदवला आहे का, खोली कोणाच्या नावावर लागली आहे, आणि माळ्यावर भाड्याने राहणारा आपल्याच गावचा पोरगा यादीत कुठे आहे.