सुरकुतलेला वाटाणा आणि बॉम्बेचं रक्त

‘नाक अगदी आत्यावर गेलंय!’ ‘छे, डोळे बघा, थेट आजोबांचे घारे!’ बारशाला पाळण्याभोवती रंगणारा हा वाद दरवेळी अनिर्णित राहतो. तो राहणारच. कारण कोण कुणावर जाणार हे ठरवणारं गणित चांगलंच नाट्यमय आहे.

लपलेलं परत येतं

हे गणित पहिल्यांदा मांडलं ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूने. आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ब्र्नो शहरातल्या मठाच्या बागेत १८५६ पासून त्याने वर्षानुवर्षं वाटाणे पेरले. गोल बियांच्या आणि सुरकुतलेल्या बियांच्या झाडांचा संकर केला, तर पुढची पिढी सगळीच्या सगळी गोल! सुरकुत्या गायब. मग याच गोल बिया पेरून त्यांचं स्वपरागण होऊ दिलं. मिळालेल्या बिया मोजल्या, तर ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेल्या. जवळपास तीनास एक. म्हणजे सुरकुती पुसली गेलीच नव्हती. एक पिढी ती नुसती झाकली गेली होती. आजोबांचे डोळे मुलांना सोडून नातवाकडे येतात, ते असेच.

मेंडेलचा निबंध १८६६ साली छापून आला आणि धूळ खात पडला. १८८४ मध्ये तो गेला. १९०० साली तीन शास्त्रज्ञ वेगवेगळ्या वाटांनी त्याच निष्कर्षांपाशी पोचले, तेव्हा कुठे जगाला मेंडेल कळला.

बी सुरकुततं का, हे कळायला तर १९९० उजाडलं. स्टार्चच्या शाखा तयार करणाऱ्या एका जनुकात डीएनएचा एक आगंतुक तुकडा घुसलेला असतो. त्यामुळे स्टार्च कमी बनतं, साखर साठते, साखर पाणी ओढून घेते आणि वाळताना फुगलेलं बी आकसतं. गोड मटाराचं बियाणं हातात घेऊन पाहा. त्या सुरकुत्या म्हणजेच त्याची गोडी.

वरचढ म्हणजे बहुसंख्य नव्हे

वाटाण्यातल्या गोलपणासारखंच हाताला सहावं बोट देणारं जनुकही पुष्कळदा वरचढ असतं. आईबाबांपैकी एकाकडून आलं तरी पुरतं. तरीही बहुतेकांना पाचच बोटं, कारण ते जनुकच मुळात विरळा आहे.

सून निर्दोष आहे

आईकडून बाळाला नेहमी एक्स गुणसूत्रच मिळतं. वडिलांकडून एक्स आलं तर मुलगी, वाय आलं तर मुलगा. ‘हिला मुलीच होतात’ म्हणून सुनेचा छळ करणाऱ्या घरांत हे दहावीच्या विज्ञानातलं वाक्य मोठ्याने वाचून दाखवायला हवं. मुलगी होणं हा कुणाचाच दोष नाही, हे तर आहेच.

आईचं एक देणं मात्र फक्त तिचंच. पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांचा डीएनए मुलगा-मुलगी दोघांनाही तिच्याकडूनच येतो. मुलगी तो पुढे देते, मुलापाशी तो थांबतो.

भाऊ-भाऊ इतके वेगळे कसे?

दरवेळी पत्ते नव्याने पिसले जातात! २३ जोड्यांतलं एकेक गुणसूत्र निवडायचं, तर एकट्या आईकडूनच ८३,८८,६०८ प्रकारचे संच निघू शकतात. तेवढेच वडिलांकडून. शिवाय जोडीतली गुणसूत्रं आपापसात तुकडे बदलतात, ते निराळंच.

 

मुंबईचं नाव रक्तात

आता आपल्या गावची गोष्ट. एबी गटाच्या व्यक्तीचं मूल ओ गटाचं असूच शकत नाही, असं आपण शिकतो. पण १९५२ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक अजब रक्तगट जगापुढे ठेवला. ए आणि बी ही रक्तगट ठरवणारी प्रतिजनं ‘एच’ नावाच्या पायावर उभी राहतात. आई आणि वडील दोघांकडूनही ‘एच’चं बिघडलेलं जनुक आलं, तर पायाच नाही. मग ए किंवा बी जनुक असूनही रक्त ओ गटाचं भासतं. हाच तो बॉम्बे रक्तगट. आईबाबांच्या गटांशी मुलाचा गट ‘जुळत नाही’ म्हणून आईवर संशय घेण्याआधी हे ठाऊक असलेलं बरं.

या मंडळींना साधं ओ रक्तही चालत नाही, कारण ओ रक्तात ‘एच’ भरपूर असतं. त्यांना बॉम्बे गटाचंच रक्त लागतं, आणि तो गट भारतातही दुर्मीळ आहे. नेहमीच्या झटपट तपासणीत तो ओ म्हणूनच नोंदला जाऊ शकतो. तुमचं रक्त ओ गटाचं असूनही ओ गटाच्या रक्ताशी जुळत नाही असं कधी आढळलं, तर ‘एच’ची तपासणी मागून घ्या. गट बॉम्बे निघाला, तर रक्तपेढीत नाव नोंदवा आणि सख्ख्या भावंडांचंही रक्त तपासून घ्या. त्यांच्यातही तो असण्याची शक्यता चारात एक असते.